अभ्यासपाठ : राईतला देव आणि आपली पत्र्याची शेड

॥ श्री गुरवे नमः ॥



मागच्या गुरुवारच्या पाठानंतर इंदूरच्या गटातल्या एका मुलीने व्हॉइस मेसेज पाठवला. आठवीत आहे. तिने विचारलं, "काका, आम्ही भीमाशंकरला गेलो तेव्हा तिथे 'अभयारण्य' अशी पाटी होती. मग ते देवस्थान की जंगल? आणि तुम्ही गोव्याचे लोक सारखं 'राय, राय' म्हणता, ते काय असतं?"

तीन ओळीत उत्तर लिहायला बसलो. लिहिता लिहिता लक्षात आलं की खरं उत्तर द्यायचं तर आपल्याच हातून झालेली एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायची टाळाटाळ मी बरेच दिवस करतोय. म्हणून आजचा पाठ त्यावरच. थोडा मोठा झालाय. जेवणं आटोपल्यावर निवांत वाचा, आणि जमलं तर घरात एकाने मोठ्याने वाचा म्हणजे आजी-आजोबांनाही ऐकता येईल.

*आधी भीमाशंकर.* बाळा, तिथे देवस्थानही आहे आणि जंगलही. आपण ज्योतिर्लिंग म्हणून जातो, रांगेत उभे राहतो, दर्शन घेतो, प्रसाद घेतो आणि गाडीत बसतो. पण ज्या रानातून तो रस्ता जातो ते १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालंय. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. शेकरू, म्हणजे ती झुपकेदार शेपटीची मोठी तांबूस खार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तिचं हे घर. सरकारचा कागद १९८५ चा. रान मात्र त्याआधीपासून उभं आहे, आणि ते उभं राहिलं त्यात तिथल्या महादेव कोळी समाजाने राखलेल्या देवरायांचा वाटा मोठा आहे.

ग्वाल्हेरकरांना वेगळं उदाहरण देतो. तुमच्या जवळचं शिवपुरीचं माधव राष्ट्रीय उद्यान हे एके काळी शिंदे सरकारांचं शिकारीचं रान. राजाला शिकार हवी म्हणून ते राखलं गेलं, आणि २०२५ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. म्हणजे रान राखायला माणसाला काहीतरी कारण लागतं. कुठे राजा, कुठे कायदा. आमच्या सत्तरी तालुक्यात ते कारण म्हणजे देव.

*आता राय.* गोव्यात राय किंवा देवाची राय, सिंधुदुर्गात देवराई, रत्नागिरीकडे देवरहाटी, कर्नाटकात देवरकाडू, देवरबन. नावं वेगळी, पण नियम ऐकले तर एकाच घरातले वाटतील. आत कोयता चालवायचा नाही. चप्पल बाहेर. वाळलेली काटकीसुद्धा चुलीसाठी उचलायची नाही. झाड पडलं तर पडलं, तिथेच कुजू द्यायचं. देवळाच्या कामाला लाकूड लागलंच तर आधी गाऱ्हाणं घालायचं, देवाला कौल लावायचा आणि देव हो म्हणाला तरच हात लावायचा. (हैदराबाद-बडोद्याच्या नव्या मंडळींसाठी : कौल म्हणजे फुलाच्या पाकळ्या ओल्या करून देवावर ठरलेल्या जागी चिकटवतात. कुठल्या बाजूची आधी पडते त्यावरून होकार किंवा नकार समजतात.)

सगळेच नियम आजच्या मनाला पटतील असं नाही, तेही सांगून ठेवतो. काही रायांमध्ये बायकांना जायला बंदी असते. माझ्या पत्नीने लग्न होऊन आल्यापासून जिच्या ओहोळाचं पाणी भरलं, ती राय तिने अजून आतून पाहिलेली नाही. हे मला खटकतं. त्याला अध्यात्माचा मुलामा द्यायची माझी इच्छा नाही.

पण त्या 'उचलायचं नाही' या नियमात काय ताकद आहे ते पाहायचं असेल तर सत्तरीतच बांबर गावी निरंकाराची राय आहे, तिच्याबद्दल वाचा. ही नुसती झाडी नाही. तिथली जमीन पाणथळ आहे आणि त्या चिखलात रानजायफळाच्या कुळातली झाडं उभी आहेत. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ही झाडं आपली मुळं गुडघा वाकवावा तशी जमिनीबाहेर काढतात, श्वास घेतात आणि पुन्हा चिखलात घालतात. रायभर असे गुडघेच गुडघे. सपुष्प वनस्पतींमधल्या फार जुन्या कुळांपैकी हे एक. असल्या दलदली पश्चिम घाटात आता मोजक्याच उरल्यात, कारण बारमाही पाणी आणि सपाट जमीन दिसली की माणूस तिथे भात लावतो नाहीतर बागायत करतो. इथे तसं झालं नाही, कारण जागा देवाची.

शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथेही अशीच एक दलदल देवराई म्हणून टिकली. बांबर आणि बांबर्डे, नावात घोटाळा करू नका, एक गोव्यात आणि दुसरं महाराष्ट्रात. बांबर्डेच्या दलदलीला महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. क्षेत्र किती? २.५९ हेक्टर. साडेसहा एकरही नाही. आपल्यातल्या काहींच्या कुळागरांपेक्षा फार मोठं नसेल. एवढ्याशा जागेत जे टिकलं ते आजूबाजूच्या शेकडो एकरांत उरलं नाही.

या रानजायफळाचं बी पसरवणाऱ्या पक्ष्यांत धनेश मुख्य. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते. पुढचे कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. म्हणजे धनेशाला ढोली लागते, ढोलीला म्हातारं झाड लागतं, आणि म्हातारं झाड कोण ठेवतं? लाकडाच्या हिशोबाने पोकळ झाड म्हणजे वाया गेलेलं झाड. ते राईतच उरतं. पुढे काय सांगायचंय त्यासाठी ही ढोली लक्षात ठेवा.

आणि निरंकार हे नाव पाहा. देवाचा इतिहास काय तो जाणकार सांगतील, आपण साधकाच्या नजरेने पाहू. निराकाराचं ध्यान आपण रोज करायचा प्रयत्न करतो. दहा मिनिटं डोळे मिटले की आकार येऊन उभे राहतात : बँकेचा हप्ता, मुलाचा निकाल, सुनेचं बोलणं. काहीही न करता, काहीही न घडवता बसणं किती अवघड आहे ते आपल्याला ठाऊक आहे. इथे एका गावाने पिढ्यान्‌पिढ्या एका जागेच्या बाबतीत नेमकं तेच केलं.

*आता आपली गोष्ट.*

आमच्या गावच्या राईतला देव उघड्यावर आहे. दगडी पीठ, त्यावर दोन जुने पाषाण, वर झाडांचं छत. तीन वर्षांपूर्वी आपल्या परिवाराचा वार्षिक कार्यक्रम तिथे घ्यायचं ठरलं. पावसाची एक सर आली, समया विझल्या, आरतीत पळापळ झाली. त्या संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, देवाला छप्पर नाही हे बरं दिसत नाही. कुणीतरी म्हणजे मीच. माझं सगळं आयुष्य बांधकामाच्या कामात गेलं, तिथे उभ्या उभ्या अंदाज काढला : लोखंडी खांब, पत्रे, सिमेंटचा चौथरा, रस्त्यापासून पेव्हर ब्लॉकची वाट. गटावर मेसेज टाकला आणि पहिले ११,००० रुपये माझेच लावले. चार दिवसांत वर्गणी जमली. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी दिली, ती श्रद्धेनेच दिली, त्याबद्दल शंका नाही.

कौल घेतला का? घेतला. पण कधी, तर ठेकेदाराला आगाऊ रक्कम दिल्यावर. कौल उजवा झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. माझे मामा तेव्हा ८४ वर्षांचे होते, पायरीवर बसून पाहत होते. ते एवढंच म्हणाले, "तुमी देवाक विचारलें ना. तुमी ताका सांगलें."

खडी-सिमेंटचा टेम्पो आत न्यायला वाट रुंद करावी लागली. खालचं रान 'साफ' केलं. हा शब्द आमचाच. जणू तिथे घाण होती. वाटेत दोन झाडं येत होती, त्यातलं एक सातवीण, जुनं, वरून पोकळ. मी स्वतः म्हणालो, नाहीतरी पोकळच आहे, पडलं तर कुणाच्या डोक्यात पडेल. कापलं. तिच्या ढोलीत धनेशाचं घरटं होतं की नव्हतं मला माहीत नाही. आम्ही वर पाहिलंच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात राईच्या खालचा ओहोळ नेहमीपेक्षा लवकर आटला. शेडमुळे आटला असं मी म्हणणार नाही, आदल्या वर्षी पाऊसही कमीच झाला होता. आठ-दहा झुडपं काढली म्हणून झरा आटतो असला सोपा हिशोब रानाचा नसतो. पण दुसरं एक झालं ते डोळ्यांसमोर झालं. वाट झाली तशी गाडी आत जाऊ लागली. गाडी जाऊ लागली तसे वाढदिवस आले. चौथऱ्यावर कागदी ताटल्या, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलचं मखर. ज्या राईत म्हातारी माणसं खोकतानासुद्धा तोंडावर पदर धरायची तिथे ब्लूटूथचा स्पीकर लागला. गाणी भक्तिगीतंच होती, म्हणून कुणी बोललं नाही.

मी मामांना एकदा विचारलं, तेव्हाच अडवलं का नाही? ते हसले. "देवाक पत्रे कित्याक रे? पावस जाय म्हणूनच तो हांगा बसला न्हय?"

नंतर वाचताना कळलं की हे फक्त मामांचं म्हणणं नाही. देवीला छप्पर चालत नाही, तिला आभाळ लागतं, असं सह्याद्रीत जागोजागी सांगतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून १९७६ मध्ये लेख लिहिला, तेव्हापासून या विषयावर पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते : देवराई कुऱ्हाडीने जाते तशी जीर्णोद्धारानेही जाते. मोठं देऊळ बांधायचं, त्यासाठी राईतलंच लाकूड विकायचं, सभामंडपासाठी जागा मोकळी करायची. देव मोठा होतो, राय लहान होते. वाचताना वाटलं, कुणीतरी आमच्याच गटावरचे मेसेज वाचून लिहिलंय.

*"काका, पण कायदा आहे ना?"* असा प्रश्न पुढे येणारच. आहे. आणि तो हवाच. सत्तरीतलं म्हादई अभयारण्य १९९९ चं, सुमारे २०८ चौरस किलोमीटर. आपल्या बेळगाव-खानापूरच्या मंडळींकडे भीमगड अभयारण्य २०११ चं. भीमगडच्या रानात देगावला उगम पावणारी नदीच पुढे सत्तरीत म्हादई होते आणि पणजीला मांडवी. तिच्या पाण्यावरून दोन राज्यांत काय चाललंय ते सर्वांना माहीत आहे. त्या वादात आपण शिरायचं नाही, या गटावर तर मुळीच नाही. एवढंच लक्षात ठेवू की तुमच्या रानात मुरलेला पाऊस आमच्या कुळागरात पोचतो.

जगभरच्या निसर्ग संवर्धकांची आययूसीएन ही जी मोठी संघटना आहे, तिने २००८ मध्ये संरक्षित क्षेत्राची व्याख्या नव्याने केली. निसर्ग दीर्घकाळ राखणं हा मुख्य हेतू, आणि त्याच्याबरोबर त्या जागेशी जोडलेली सांस्कृतिक मूल्यंही. त्याच वर्षी पवित्र नैसर्गिक स्थळांबद्दल अभयारण्यांच्या अधिकाऱ्यांसाठी वेगळी मार्गदर्शिकाही काढली. म्हणजे तुमच्या रानात कुणाचा तरी देव आहे, त्याची माणसं आहेत, त्यांना विचारून काम करा, हे आता तज्ज्ञही सांगतात.

पण कायदा आणि श्रद्धा दोन्ही असूनही काय होऊ शकतं ते म्हादईतच दिसलं. गोव्यात वाघाला देव मानतात. वाघ्रो म्हणतात, व्याघ्रेश्वर म्हणतात. सत्तरीत वाघेरी नावाचा डोंगरच आहे. ही भावना आमच्यापुरती नाही. अकोले तालुक्यात आदिवासी बांधव दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. मुंबई-ठाणे-पालघर पट्ट्यात वारली समाजाच्या वाघोबाची सुमारे १५० ठाणी अभ्यासकांनी नोंदवली आहेत.

आणि जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावली गावाजवळ चार वाघ मेलेले सापडले. वाघीण आणि तिचे तीन बछडे. विषप्रयोग झाला असं तपासातून पुढे आलं, आणि त्यामागे गुरांवर झालेल्या हल्ल्याची गोष्ट होती.

तेव्हा गटावर काय काय लिहिलं गेलं ते मला आठवतं. राक्षस, पापी, फाशी द्या. लिहिणारे बहुतेक शहरातले. मी त्या कृत्याचं समर्थन करणार नाही, पण एक विचारतो. आपल्या राईत सरपण तोडायचं नाही हा नियम साऱ्या गावाला होता. तोटा सगळ्यांनी मिळून सोसला, म्हणून नियम टिकला. वाघ म्हैस मारतो तेव्हा तोटा एकाच गोठ्याचा होतो. त्या घरी दूध त्या दिवसापासून बंद, हप्ता मात्र चालूच. भरपाईची सरकारी सोय आहे, पण त्यासाठी पंचनामा, पशुवैद्याचा दाखला, अर्ज, हेलपाटे. वाघ सगळ्यांचा देव आणि म्हैस एकट्याची, हा व्यवहार किती दिवस चालणार?

जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतचं क्षेत्र व्याघ्र प्रकल्प म्हणून तीन महिन्यांत अधिसूचित करा असा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. माझं मत विचाराल तर वाघाला पक्कं घर मिळावं असंच वाटतं. पण रानातल्या वाड्यांवर जी भीती आहे, 'आम्हाला उठवतील', तिला हसू नका. घर हलवता येतं, गोठा हलवता येतो. पाषाण हलत नाही. गाव उठलं तर होळीला, चवथीला त्या पाषाणापुढे गाऱ्हाणं कोण घालणार, आणि कोयता चालवू नको असं पुढच्या पोराला कोण सांगणार? राखणदार नावाला देव असला तरी राखण माणसंच करत होती. हा प्रश्न सरकारी कागदावर यायला हवा आणि तो आपण विचारायला हवा.

*आता हिशोब.* गेल्या एप्रिलमध्ये आम्ही गावकऱ्यांना घेऊन बसलो. यावेळी आधी कौल लावला, पैशाचं नंतर बोललो. पत्रे उतरवले, ते गावच्या शाळेच्या सायकल स्टँडला दिले. खांब कापून काढले. चौथरा तसाच ठेवलाय, कारण तो फोडायला पुन्हा यंत्र आत न्यावं लागलं असतं. त्यावर आता शेवाळ धरलंय. पेव्हर ब्लॉक उचलून वाटेच्या तोंडाशी गडगा घातला, म्हणजे गाडी आत जात नाही. तोडलेल्या झाडांच्या जागी काही लावलेलं नाही. आम्ही नर्सरीतून रोपं आणायला निघालो होतो, मामांनी थांबवलं. राईला काय हवं ते राय ठरवेल, तुम्ही परत पसंती करायला जाऊ नका. दोन पावसाळे त्यांनी थांबायला सांगितलंय.

वर्गणीतले ३८,४०० रुपये शिल्लक आहेत. ज्यांना आपले पैसे परत हवेत त्यांनी संकोच न करता मला खासगी मेसेज करावा. बाकीच्या रकमेचा मंडळाने असा विचार केलाय : आपल्या पंचक्रोशीत कुणाचं जनावर बिबट्याने किंवा वाघाने मारलं तर त्या घराला त्याच आठवड्यात हातउसने पैसे द्यायचे, भरपाई आली की त्यांनी परत करायचे. अर्ज भरायला आणि वन खात्याच्या कार्यालयात बरोबर जायला आपल्यातले दोन निवृत्त जण तयार आहेत. असं झालं तर मेलेलं जनावर हलवू नका, लगेच वन खात्याला कळवा, फोटो काढा आणि आम्हाला फोन करा. या कल्पनेवर कुणाची हरकत असेल तर गटावर मोकळेपणाने लिहा, दोघांची आधीच आली आहे.

*रविवारचं.* राईत जाणाऱ्यांनी सकाळी सात वाजता मांडावर जमायचं. बायका-मुली मांडापासून ओहोळापर्यंत येतील. त्यापुढचं गावकऱ्यांशी बोलणं चालू आहे. मी पुन्हा विषय काढणार आहे. नारळ एकच, गावाचा. अगरबत्ती, फुलांची परडी, प्लास्टिकची पिशवी कुणी आणू नये. आरती मांडावर होईल, आत अर्धा तास नुसतं बसायचं. मोबाइल गाडीत, चपलाही गाडीत.

इंदूरच्या बाळा, दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन ये. येताना दुर्बीण आण, आमच्याकडे कुणाकडेच नाही. कापलेल्या सातविणीच्या शेजारी आणखी एक म्हातारं झाड आहे, त्यालाही वर ढोली दिसते. यावेळी वर पाहायचंय.